लेकरांच्या हाती कटोरा कोणी दिला?

ताडकळसच्या बाजारात, पूर्णा जंक्शनच्या फलाटावर, परभणीच्या उरुसात किंवा महाशिवरात्रीला औंढा नागनाथच्या वाटेवर नजर टाका. सात-आठ वर्षांची पोर कडेवर दीड वर्षाचे भावंड घेऊन उभी असते आणि हात पसरते. टपरीवर चहा पिणारा माणूस एक तर रुपया टाकतो, नाही तर 'चल हट' म्हणून हाकलतो. रुपया टाकणाऱ्याला पुण्य मिळाल्याचे समाधान लाभते, हाकलणाऱ्याला शिस्त लावल्याचे. पोर मात्र पुढच्या टपरीवर जाऊन उभी राहते. आज वार कोणता, शाळा सुरू आहे की सुटी, ही पोर शाळेत का नाही, हे दोघांपैकी कोणीच विचारलेले नसते. आम्हाला आज तेच विचारायचे आहे आणि चळवळीच्या वाचकांकडून त्याचे उत्तरही हवे आहे.

२०११ च्या जनगणनेने देशात ४ लाख १३ हजारांवर भिकारी व निराश्रित मोजले. महाराष्ट्रातला आकडा २४ हजारांवर होता. ज्यांना घर नाही, रेशनकार्ड नाही, जी माणसे आज एका गावच्या माळावर आणि उद्या दुसऱ्या गावच्या ओढ्याकाठी पाल ठोकतात, त्यांची मोजणी किती नीट झाली असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. मात्र ही माणसे कोण आहेत, हे सांगायला जनगणनेची गरज नाही. पालावर जाऊन जात विचारा. मसणजोगी, नंदीवाले, डवरी गोसावी, जोशी, वासुदेव, डोंबारी, कोल्हाटी, फासेपारधी हीच नावे कानावर येतील. कडकलक्ष्मीचा आसूड अंगावर ओढून घेणारा पोतराज भेटेल, देवीच्या नावाने परडी घेऊन फिरणारी आराधीण भेटेल. या सगळ्यांना आळशी म्हणून मोकळे होणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे. आळस हा काय फक्त ठरावीक जातींच्याच वाट्याला आला?

खरे असे आहे की या देशातल्या समाजव्यवस्थेने भीक मागण्यालासुद्धा जात नेमून दिली. कोणी शेती करावी, कोणी व्यापार करावा, कोणी पोथी वाचावी आणि कोणी दारोदार मागून खावे, हे जन्माने ठरवले. दान करणाऱ्याला पुण्य मिळते असे धर्मशास्त्राने सांगितले. पण पुण्य मिळवायचे तर दान घेणारा हवाच. तो कायम हवा, दर अमावास्येला, दर यात्रेला, दर ग्रहणाला दारात हवा. म्हणून घेणाऱ्यांच्या जाती तयार झाल्या. गाणे म्हणून मागणारा, बैल नाचवून मागणारा, अंगावर फटके मारून मागणारा आणि मसणात उभा राहून मागणारा, अशी त्यांची वाटणी झाली. बापाची झोळी पोराच्या खांद्यावर आली आणि पोराला वाटले, आपला जन्मच यासाठी आहे.

हे आम्ही कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. आमच्या आजोबा-पणजोबांच्या हातीही झोळी होती. गावची सगळी कामे करायची, मढ्याची चिठ्ठी घेऊन परगावी जायचे, मेलेले जनावर ओढायचे, सरकारी साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे आणि त्याच्या मोबदल्यात संध्याकाळी घरोघर जाऊन शिळी भाकर मागायची. ती भाकर म्हणे आमचा हक्क होता! येसकराच्या पाळीची ती भाकर मागायला लेकरेसुद्धा जात. वतन या भारदस्त नावाखाली ती भीकच होती.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद भरली, तिथे चवदार तळ्याच्या पाण्याइतकाच भाकरीचा प्रश्नही त्यांनी मांडला होता. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणे सोडा, स्वाभिमानाने कष्टाची भाकर खा, असे त्यांनी आपल्या माणसांना बजावले. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात आणले. जून १९३६ मध्ये मुंबईत पोतराज, वाघ्या-मुरळी, देवदासी यांच्या सभेत जाऊन, देवाच्या नावावर चाललेले हे जिणे टाकून द्या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. महाडपासून मोजले तर ३१ वर्षे लागली.

या इतिहासातून एक गोष्ट शिकायची आहे. आमच्या लोकांनी भाकर मागणे सोडले ते कोणी दंडा मारला म्हणून नाही. कोणी रुपया टाकला म्हणून तर मुळीच नाही. स्वाभिमानाची जाणीव, शाळा, संघटना आणि कायदा हे चार एकत्र आले तेव्हा ती झोळी गळून पडली. यातले एक जरी वगळले असते तरी झोळी तशीच राहिली असती. आज पालावरच्या लेकराच्या वाट्याला या चारपैकी काय आले आहे? फक्त कायदा, आणि तोही उलटा.

तो कायदा म्हणजे १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम. आता त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आले आहे. भीक म्हणजे काय, याची त्याने केलेली व्याख्या वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक ठिकाणी हात पसरणे ही भीक आहेच. पण गाणे म्हणून, नाचून, भविष्य सांगून, कसरत करून किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करून मागणे हीसुद्धा भीक ठरते. उदरनिर्वाहाचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हीसुद्धा भीक ठरू शकते. या व्याख्येत कोण बसते? डोंबारी बसतो, वासुदेव बसतो, जोशी बसतो, नंदीवाला बसतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून अख्ख्या जातींवर शिक्का मारला होता. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला आणि सात वर्षांनी दुसऱ्या दाराने तीच माणसे पुन्हा पोलिसांच्या गाडीत बसवली.

आता शिक्षा पाहा. भीक मागणाऱ्याला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. तोच माणूस पुन्हा पुन्हा सापडला तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. आणि दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला, आपल्या ताब्यातल्या लेकराला त्यासाठी वापरू देणाऱ्याला काय शिक्षा? याच कायद्याच्या कलम ११ खाली एक ते तीन वर्षे! मागणाऱ्याला दहापर्यंत, मागायला लावणाऱ्याला जास्तीत जास्त तीन. कायद्याचे पुस्तक उघडून ही दोन कलमे शेजारी-शेजारी ठेवली की व्यवस्था कोणाच्या बाजूने उभी आहे ते समजायला वकिलीची सनद लागत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी, दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवून रद्द केली. सन्मानाने जगण्याची साधने शासनाने पुरवायची असतात, ती न पुरवता उपाशी माणसालाच गुन्हेगार ठरवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. मागायला लावणाऱ्यांना शिक्षा देणारे कलम ११ मात्र न्यायालयाने शाबूत ठेवले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावरून भिकाऱ्यांना हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला आणि हा गरिबीचा प्रश्न असल्याचे म्हटले. महाराष्ट्राने त्यापासून काय धडा घेतला? मार्च २०२३ मध्ये पाहुणे येणार म्हणून नागपुरात पोलीस आयुक्तांनी भीक मागण्यावर बंदीचा आदेश काढला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भिक्षेकरी गृहात काम करणाऱ्यांचा मेहनताना वाढवला. तोपर्यंत तो महिन्याला ५ रुपये होता, आता दिवसाला ४० रुपये ठरला. महिन्याला पाच रुपये! ज्याला भीक मागितली म्हणून पकडले, त्याला सरकारने पुनर्वसनाच्या नावाखाली यापेक्षा मोठी भीक कधी घातली नव्हती.

मोठ्या माणसांचे हे झाले. लेकरांची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे कायदा नि:संदिग्ध आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे भीक मागताना आढळलेले मूल हे आरोपी नसते, ते 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल' असते. त्याला २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला कलम ७६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. त्यासाठी मुलाचा अवयव तोडला किंवा त्याला अपंग केले तर सात ते दहा वर्षे सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १३९ त्याहून कडक आहे. भिकेसाठी मूल पळवणाऱ्याला किमान दहा वर्षे आणि कमाल जन्मठेप, अपंग करणाऱ्याला किमान वीस वर्षे. त्या सर्वांच्या वर संविधानाचे कलम २३ आहे. माणसांचा व्यापार आणि वेठबिगार ते निषिद्ध ठरवते. लेकराच्या कष्टावर दुसऱ्याने चूल पेटवायची, ही वेठबिगारी नाही तर दुसरे काय आहे?

मुले पळवून वापरणाऱ्या टोळ्या ही कल्पना नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली १९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्रात लहान मुले पळवत होत्या. चोरी करताना ती ढालीसारखी वापरत आणि अडचण झाली की मारून टाकत. त्या दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये कायम केली आणि दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तिचे जन्मठेपेत रूपांतर केले. त्या लेकरांसाठी आई-बाप पोलीस ठाण्याचे उंबरठे झिजवत होते, आणि बहुतेक लेकरे गरिबांची होती.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आम्हाला सांगितली पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. मेलेली माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, मंगळवेढ्याकडून पोट भरायला आली होती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारले. हातात झोळी होती, कपडे मळके होते, बोली वेगळी होती, एवढाच पुरावा जमावाला पुरला. ज्यांना व्यवस्थेने शतकानुशतके झोळी दिली, त्यांनाच त्या झोळीसाठी जीव द्यावा लागला!

म्हणून आमचे म्हणणे नीट समजून घ्या. कडेवर लेकरू घेऊन मागणारी प्रत्येक बाई ही टोळीवाली नसते. बहुतेक वेळा ती त्या लेकराची आईच असते आणि पालावर त्याला सांभाळणारे कोणी नसते. तिला टोळी समजून मारणे हा खून आहे. पण ती आई आहे म्हणून सहा वर्षांच्या पोराला दिवसभर उन्हात हात पसरायला लावणे योग्य ठरत नाही. 'आमची रीतच आहे' हे उत्तर आम्ही मान्य करणार नाही. आमचीही रीत होती, आम्ही ती मोडली. आणि तिसरी जात दलालांची. परगावातून लेकरे आणायची, यात्रेत, सिग्नलवर बसवायची आणि संध्याकाळी हिशेब घ्यायचा. त्यांच्यावर कलम ७६ आणि कलम १३९ लागलेच पाहिजे. आईला आधार, रीतीला विरोध आणि दलालाला तुरुंग, असे तीन वेगळे इलाज आहेत. पोलीस तिघांनाही एकाच गाडीत कोंबतात आणि दलाल तेवढा संध्याकाळपर्यंत सुटतो.

इथे काही शहाणे म्हणतील, यांना शाळा नकोच असते, भिकेत पैसा जास्त मिळतो. त्यांनी अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथे जाऊन यावे. मतीन भोसले हे स्वतः फासेपारधी. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरकी सोडून त्यांनी २०१२ मध्ये तिथे शाळा सुरू केली. स्टेशनांवर, शहरांच्या सिग्नलवर भीक मागणारी पारध्यांची लेकरे गोळा केली. शाळेचे नाव ठेवले 'प्रश्नचिन्ह'. लेकरांना जेवू घालायला स्वतः झोळी घेऊन फिरले, तर पोलिसांनी त्यांनाच पकडले. आज तिथे शेकडो मुले शिकली आहेत, शिकत आहेत. आणि शासनाने काय केले? २०१९ मध्ये समृद्धी महामार्गासाठी या शाळेच्या बांधकामाचा काही भाग पाडला. कोणाची समृद्धी आणि कोणाच्या शाळेवरून, हे विचारायला त्या शाळेचे नावच पुरेसे आहे. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू झाली. तिथे येणाऱ्या मुलांत दुष्काळाने गाव सोडलेल्या पारधी कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने होती. तिथली मुले दहावी पास झाली. पुलाखाली शाळा भरते आणि मूल पास होते, तर मूल नालायक होते की शाळा दूर होती?

शाळा दूर राहण्याचे एक कारण कागद आहे. विमुक्त जाती व भटक्या जमातींना जातीचा दाखला घ्यायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा राज्यातल्या रहिवासाचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचा आजोबा १९६१ मध्ये गाढवावर बिऱ्हाड लादून फिरत होता, ज्याचा जन्म कुठल्या शिवारात झाला हे आईलाच आठवत नाही, त्याने सातबारा आणायचा कुठून? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, आश्रमशाळेच्या जागेसाठी कटकट, वसतिगृहात दार बंद. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्येच भटक्या-विमुक्तांच्या या कागदहीन जगण्याचे चित्र केंद्र सरकारपुढे ठेवले होते. पुढे इदाते आयोगही झाला. अहवाल कपाटात आहेत, लेकरे फलाटावर आहेत.

खरे तर शाळेत बसायला दाखला लागतच नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. जे मूल कधीच शाळेत गेले नाही त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे आणि खास शिकवणी द्यावी, असेही तोच कायदा सांगतो. आमच्या जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात, तेव्हा त्यांच्या लेकरांसाठीही हाच कायदा आहे. पालावरच्या आईला हे कोणी सांगितले? हेडमास्तरने 'दाखला आण' म्हटले की ती पोराला घेऊन परत फिरते आणि दुसऱ्या दिवशी ते पोर बाजारात दिसते.

आता आपल्या वाचकांशी थेट बोलतो. धम्मात भिक्खूच्या हाती पात्र आहे, म्हणून भीक आणि भिक्षा यांत गल्लत करू नका. भिक्खू ज्ञान देतो, शील पाळतो, साठवत नाही. त्याने स्वतःच्या इच्छेने ते जीवन पत्करलेले असते. शिवाय राहुलच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाच्या विनंतीवरून तथागतांनी, आई-बापाच्या संमतीशिवाय कोणाही मुलाला संघात घेऊ नये, असा नियम घालून दिला. अडीच हजार वर्षांपूर्वी लेकराच्या बाबतीत जो एवढा जागरूक होता, त्याच्या अनुयायांनी विहाराच्या दारात हात पसरणारे लेकरू पाहून नजर वळवायची काय?

आपण काय करू शकतो? मुलाच्या हातात नाणे टाकू नका, खायला द्या आणि नाव, आई-बापाचे ठिकाण, शाळा विचारा. सोबत कोणी हिशेब घेणारा दिसला तर १०९८ या क्रमांकावर फोन करा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. गावात संशयावरून गर्दी जमली तर चळवळीचा कार्यकर्ता त्या गर्दीच्या आणि पालावरच्या माणसाच्या मध्ये उभा राहिला पाहिजे. गावाच्या शिवारात पाल पडले की तिसऱ्या दिवसाच्या आत तिथल्या लेकरांना शाळेत बसवून या. हेडमास्तर अडला तर शिक्षण हक्क कायदा दाखवा. ग्रामसभेत विचारा की ग्राम बाल संरक्षण समितीची बैठक शेवटची कधी झाली. आमच्या वकील बांधवांनी महिन्यातला एक दिवस पालावरच्या दाखल्यांसाठी राखून ठेवावा. शासनाकडे आमची मागणी सरळ आहे. मागणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारी १९५९ च्या कायद्यातली कलमे महाराष्ट्रानेही रद्द करावीत, मागायला लावणाऱ्याला देणारी शिक्षा ठेवावी आणि ती वाढवावी. भटक्यांच्या दाखल्यासाठी १९६१ च्या पुराव्याची अट शिथिल करून स्थानिक चौकशीवर दाखले द्यावेत.

याच परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. सोमनाथ वडार समाजाचा, दगड फोडत गावोगाव फिरलेल्या समाजाचा. तो कायदा शिकत होता. पालातून निघालेली वाट संविधानापर्यंत जाते, हे त्याने दाखवले होते. त्याच्यासाठी आपण मोर्चे काढले, न्यायासाठी आजही लढत आहोत. पण त्याच्याच भावकीतली, तशाच पालांतली शेकडो लेकरे आज बाजारात हात पसरून उभी आहेत आणि त्यांच्यासाठी एकही मोर्चा निघालेला नाही. येत्या आठवड्यात आपल्या गावाच्या शिवारातले पाल शोधा आणि तिथल्या एका तरी लेकराचे नाव शाळेच्या हजेरीपटावर घाला.